विन्चेंझो नातालीचे चित्रपट : बेवारस सापळे

निशाचर

(रहस्यभेदाची सूचना : लेखात आणि खाली प्रतिसादांत चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. 'क्यूब', 'सायफर' आणि 'स्प्लाइस' पाहिले नसतील तर आधी ते पाहा.)

विज्ञानपटांच्या चर्चेत विन्चेंझो नातालीचं नाव क्वचित येतं. आलं तरी 'तो क्यूबवाला' म्हणून विषय मिटतो. हा कॅनडाचा दिग्दर्शक गेली पंचवीसहून अधिक वर्षं एकाच गोष्टीभोवती फिरतो आहे आणि त्याबद्दल कोणी सविस्तर लिहीत नाही, म्हणून हा धागा.

'क्यूब' (१९९७) ची मांडणी बहुतेकांना माहीत असेल. माणसं एका घनाकृती खोलीत जागी होतात. वर, खाली आणि चारही भिंतींत एकेक दार. प्रत्येक दारापलीकडे तशीच खोली, फक्त रंग वेगळा. काही खोल्या सुरक्षित, काहींत जीव घेणारे सापळे. अडकलेल्यांत एक पोलीस, एक डॉक्टर, गणिताची विद्यार्थिनी, आयुष्यभर तुरुंग फोडत आलेला एक कैदी. कोणी आणलं आणि कशासाठी, हे शेवटपर्यंत कळत नाही.

पुष्कळांना ही पटकथेतली उणीव वाटते. मला वाटतं, सिनेमाचं सगळं बळ तिथेच आहे. डॉक्टर हॉलोवेला खात्री आहे की यामागे लष्कराचं आणि बड्या कंपन्यांचं कारस्थान आहे. कारस्थानावर विश्वास ठेवण्यात एक दिलासा असतो: निदान कोणाला तरी सगळं ठाऊक आहे. तो दिलासा अडकलेल्यांपैकीच एक असलेला वर्थ काढून घेतो. या घनाचं बाहेरचं कवच त्यानेच आखलेलं आहे. काम आलं, त्याने आराखडे काढले, पैसे घेतले, कशासाठी हे विचारलं नाही. त्याचं म्हणणं असं, की वर कोणीच बसलेलं नाही. प्रत्येकाने आपापला तुकडा केला. ज्याला हेतू माहीत होता तो कधीच बाजूला झाला असेल. आता एवढं बांधून ठेवलंय, तर ते वापरायला हवं. नाहीतर ते निरर्थक होतं असं कबूल करावं लागेल.

राक्षस, परग्रहवासी, वेडा शास्त्रज्ञ यांपेक्षा मला हे जास्त भयानक वाटतं. त्यावरून माझं एक मत बनलं आहे आणि त्यावर इथे वाद व्हावा असं वाटतं: नातालीचा सापळा बेवारस असतो तेव्हा तो दिग्दर्शक म्हणून सर्वोत्तम असतो. सापळ्याला मालक मिळाला की सिनेमा खाली येतो.

पडद्यामागे

चांगला विषय. तुमच्या मताकडे नंतर येतो, आधी हा सिनेमा उभा कसा राहिला ते सांगतो, कारण त्याचा आशयाशी थेट संबंध आहे.

'क्यूब' हा टोरोंटोच्या कॅनेडियन फिल्म सेंटरच्या योजनेतून झाला. पहिलाच चित्रपट करणाऱ्यांसाठी ती योजना होती. रक्कम साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास, म्हणजे या प्रकारच्या सिनेमासाठी जवळजवळ काहीच नाही. त्या आधी नातालीने 'एलिव्हेटेड' नावाचा लघुपट केला होता. लिफ्टमध्ये अडकलेली तीन माणसं आणि बाहेर काहीतरी आहे ही भीती. एका पेटीत पूर्ण गोष्ट सांगता येते का, याची ती चाचणीच म्हणायची.

'क्यूब'मध्ये सतरा हजारांवर खोल्यांचा आभास आहे आणि सेट मात्र मुख्यतः एकच, चौदा फुटांचा घन. भिंतींमागच्या रंगीत पारदर्शक पट्ट्या बदलायच्या की नवी खोली तयार. या पट्ट्या बदलायला फार वेळ लागे म्हणून चित्रीकरण कथेच्या क्रमाने न करता रंगांच्या क्रमाने केलं. कलाकाराचं वजन पेलेल असं खरं दार एकच होतं.

आता विचार करा. नट दिवसभर त्याच खोलीत. एका दारातून बाहेर पडायचं आणि कॅमेरा फिरवून त्याच खोलीत परत शिरायचं. पात्रांच्या चेहऱ्यावर जो थकवा दिसतो त्यातला बराचसा मला खरा वाटतो. 'कुठेही गेलं तरी तीच खोली' ही कल्पना आशयात आहे आणि चित्रीकरणाच्या पद्धतीतही. मोठं बजेट मिळालं असतं तर हा सिनेमा बिघडला असता असं माझं ठाम मत आहे.

नाताली आधी टोरोंटोच्या नेल्वाना या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढायचा. त्याचं वळण फ्रेममध्ये दिसतं. जागा कुठे संपते, माणूस कुठे उभा आहे, दार किती लांब आहे, हे प्रेक्षकाला प्रत्येक शॉटमध्ये नेमकं कळतं.

अष्टकोन

गणितावर कोणी बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो.

प्रत्येक दारात तीन-तीन अंकी तीन संख्या कोरलेल्या असतात. गणिताची विद्यार्थिनी लीव्हन, तिचा पहिला तर्क: तिन्हींपैकी एक जरी मूळ संख्या असेल तर खोलीत सापळा. तो काही काळ चालतो आणि मग रक्त सांडून मोडतो. खरा नियम मूळ संख्यांच्या घातांचा निघतो. मला हा टप्पा फार आवडतो. अर्धवट खरा नियम हा कुठलाच नियम नसण्यापेक्षा धोकादायक असतो, कारण तुम्ही त्याच्या भरवशावर पाऊल टाकता.

मग दुसरा शोध. संख्येतल्या अंकांची बेरीज म्हणजे खोलीचा त्या दिशेतला क्रमांक. तीन संख्या, तीन दिशा. घन २६ खोल्या लांब, २६ रुंद, २६ उंच, म्हणजे १७,५७६ खोल्या. आता तीन अंकांची जास्तीत जास्त बेरीज किती? ९+९+९, म्हणजे २७. ती फक्त ९९९ या एकाच संख्येत मिळते. आणि २७ हा क्रमांक घनाच्या बाहेर पडतो! बाहेर नेणाऱ्या पुलाची खोली ओळखायची खूण संख्यांच्या मांडणीतच बसवलेली आहे. पटकथेसाठी गणितज्ञाचा सल्ला घेतला होता आणि इथे तो दिसतो.

एक गोष्ट मात्र खटकते. शेवटाकडे लीव्हन म्हणते की या संख्यांचे अवयव डोक्यात काढणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि मग अडकलेल्यांतलाच, ऑटिझम असलेला काझान ते झटक्यात करतो. पण तीन अंकी संख्या १००० च्या आतली असते. ३१ चा वर्ग ९६१, त्यापुढची मूळ संख्या ३७ आणि तिचा वर्ग १३६९. म्हणजे २ पासून ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम झालं. गणिताच्या विद्यार्थिनीला ते कंटाळवाणं असेल, अशक्य नाही. काझानचं महत्त्व वाढवण्यासाठी पटकथेने इथे ताणलं आहे.

अजून एक हिशोब करून पाहिला. १००० च्या आत १६८ मूळ संख्या आहेत. अंक कसेही पडले आहेत असं धरलं तर तिन्हींपैकी एकही मूळ संख्या नसण्याची शक्यता ०.८३२ चा घन, म्हणजे साधारण ५८ टक्के. म्हणजे पहिल्या नियमानेच दहातल्या चार खोल्या बाद होतात. त्या लोकांनी इतकं अंतर कापलं हेच विशेष.

टोकदार

सगळं ठीक, पण अभिनयाचं काय? पोलीस क्वेंटिनचं पात्र उत्तरार्धात एकदम खलनायक होतं. सुरुवातीला तो गटाला बांधून ठेवणारा माणूस असतो. तासाभरात तो खुनी होतो आणि त्याची पायरी दिसत नाही. संवादही बरेचदा भाषणासारखे आहेत. कल्पना उत्तम, माणसं कच्ची, हे माझं 'क्यूब'बद्दलचं मत पहिल्यापासून आहे आणि अजून बदललेलं नाही.

निशाचर

@टोकदार, संवादांबद्दल सहमत. क्वेंटिनबद्दल नाही. पायरी आहे, ती बोलण्यात नाही, नजरेत आहे. लीव्हनकडे तो ज्या पद्धतीने बघतो ते पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ करतं. हॉलोवे त्याच्या घरच्या वागण्याबद्दल अंदाज बांधते तेव्हा तो तिच्यावर उखडतो. सत्ता हातात असेपर्यंत तो सभ्य असतो.

पात्रांची नावं तुरुंगांवरून आहेत हे लक्षात आलं का? क्वेंटिन म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन क्वेंटिन, हॉलोवे लंडनचं, रेन फ्रान्समधलं, काझान रशियातलं, आणि लीव्हन व वर्थ ही जोडी मिळून कॅन्ससचं लेव्हनवर्थ. त्यात रेन, म्हणजे तुरुंग फोडण्यात तरबेज असलेला कैदी, आधी मरतो. ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त तोच जातो. बाहेरच्या जगातलं कौशल्य इथे चालणार नाही, हे सिनेमा त्या एका मृत्यूत सांगून टाकतो.

धुकं

तुमच्या मताला पुढच्या भागांचा पुरावा जोडते. 'क्यूब २ : हायपरक्यूब' (२००२) आणि 'क्यूब झिरो' (२००४) हे दोन्ही नातालीने केलेले नाहीत. 'झिरो'मध्ये तर घन चालवणारे कर्मचारी, त्यांचे वरिष्ठ, सगळं दाखवलंय. मालक दिसला आणि भीती संपली. २०२१ चा जपानी अवतार पाहिला, तोही मला सपाट वाटला.

काळी मांजर

मला धाग्याच्या मुख्य मताला विरोध करायचा आहे, कारण त्यात 'स्प्लाइस' (२००९) बसत नाही आणि माझ्या मते तोच नातालीचा सर्वांत मोठा सिनेमा आहे.

क्लाइव्ह आणि एल्सा, जोडीदार आणि सहकारी. औषध कंपनीसाठी वेगवेगळ्या प्राण्यांचे जनुक एकत्र करून नवे जीव बनवतात. कंपनी म्हणते आता जीव पुरे, प्रथिनं काढा. एल्सा चोरून मानवी डीएनए मिसळते आणि ड्रेन जन्माला येते. (क्लाइव्ह आणि एल्सा ही नावं १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'मधले कलाकार कॉलिन क्लाइव्ह आणि एल्सा लँचेस्टर यांच्यावरून.) इथे सापळा कोणी बांधला याचं उत्तर पहिल्या वीस मिनिटांत मिळतं. बांधणारे समोर आहेत, सुशिक्षित आहेत, एकमेकांवर प्रेम करणारे आहेत. आणि तरीही सिनेमा खाली येत नाही, उलट असह्य होत जातो.

का, ते सांगते. बहुतेक सिनेमांत शास्त्रज्ञ 'देवाच्या कामात ढवळाढवळ' करतो आणि शिक्षा भोगतो. 'स्प्लाइस'ला त्या उपदेशात रस नाही. त्याला पालकत्वात रस आहे. एल्साला मूल नको असतं, कारण तिच्या आईने तिचा छळ केलेला. पण ड्रेन तिला हवी असते, कारण ती प्रयोग आहे, तिच्यावर पूर्ण ताबा ठेवता येतो. ड्रेनला प्रयोगशाळेतून हलवून नेतात ते एल्साच्या आईच्या जुन्या शेतघरात. ड्रेन मोठी होते, ऐकेनाशी होते, आणि एल्सा तिला बांधून तिच्या शेपटीची नांगी कापते. त्या वेळी ती थंड आवाजात प्रयोगाची नोंद करते आहे. तो प्रसंग मला कुठल्याही रक्तपातापेक्षा जड गेला. लेक आईसारखी झाली.

क्लाइव्ह सुटत नाही. आधी तो ड्रेनला मारायला निघतो, पुढे तिच्याशी शरीरसंबंध ठेवतो. अनेकांनी तिथे सिनेमा सोडला, मला माहीत आहे. पण तो प्रसंग धक्का देण्यासाठी घातलेला नाही. ड्रेन मूल की प्रयोग की माणूस, हे दोघांनी कधीच ठरवलं नाही. ज्याला जेव्हा जे सोयीचं, तेव्हा ती ते. त्याची ही टोकाची परिणती आहे.

सेरा पॉली आणि एड्रियन ब्रॉडी दोघंही उत्तम, पण डेल्फीन शानेआकने एकाही संवादाशिवाय जवळजवळ पूर्ण भूमिका उभी केली आहे, तिचं नाव घ्यायलाच हवं. डोळ्यांतलं अंतर आणि पाय संगणकाने बदलले, बाकी सगळं तिचं शरीर.

एक शास्त्रीय टीप. नातालीला ही कल्पना पाठीवर माणसाच्या कानासारखा आकार असलेल्या उंदराच्या छायाचित्रावरून सुचली, जे १९९७ मध्ये खूप गाजलं. त्या उंदराबद्दल अजूनही गैरसमज आहे. त्यात मानवी जनुक नव्हतं. कानाच्या आकाराच्या साच्यात गाईच्या कूर्चेच्या पेशी वाढवून तो साचा उंदराच्या त्वचेखाली बसवला होता. म्हणजे ती जनुकांची उलथापालथ नव्हतीच, ऊती वाढवण्याचं तंत्र होतं. पण छायाचित्र पाहून पोटात जे ढवळतं त्यातून हा सिनेमा झाला.

निशाचर

@काळी मांजर, फार छान लिहिलंत. नांगीच्या प्रसंगाबद्दल प्रत्येक शब्द मान्य.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. 'स्प्लाइस'मध्ये बांधणारे दिसतात, पण मालक म्हणून उभं कोण राहतं? ड्रेनच्या जन्माची जबाबदारी दोघांपैकी एकही शेवटपर्यंत घेत नाही. एल्साने स्वतःचाच डीएनए वापरलाय हे ती लपवते. आणि शेवट आठवा: कंपनीची अधिकारी टेबलापलीकडे, एल्सा पोटुशी, समोर करार, आणि ती सही करते. पुढचा जीव कोणाचा? एल्साचा, ड्रेनचा, की कंपनीचा? वर्थने आराखडे काढून पैसे घेतले होते. एल्सा तेच करते, फक्त यावेळी आराखडा तिच्या पोटात आहे.

काळी मांजर

शेवटच्या प्रसंगाबद्दल पटलं. पण मग तुमची व्याख्या बदलते. 'मालक माहीत नाही' आणि 'मालक जबाबदारी घेत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मला जास्त खरी वाटते, आणि 'क्यूब'लाही तीच लागू पडते. वर्थ घनाच्या आतच आहे, म्हणजे बांधणाऱ्यांपैकी एक तर पहिल्यापासून आपल्यासमोर होता.

निशाचर

हो, ही मांडणी माझ्यापेक्षा नेमकी आहे. ती धरून पुढे बोलू.

पडद्यामागे

मग 'सायफर' (२००२) तपासायला हवा, कारण तो दोन्ही व्याख्यांना आव्हान देतो.

मॉर्गन सलिव्हन (जेरेमी नॉर्दम) हा दबलेला, सरळमार्गी माणूस डिजिकॉर्प कंपनीसाठी हेर होतो. काम काय, तर दुसऱ्या गावी परिषदांना जाऊन भाषणं गुपचूप प्रक्षेपित करायची. भाषणं रटाळ आहेत. मग कळतं की भाषणांना काही किंमतच नाही, तिथे आलेल्या प्रत्येक श्रोत्याला गुंगी देऊन त्याची ओळख पुसली जाते आहे. सगळं सभागृह माना टाकून बसलंय आणि डोक्यांवर यंत्रं बसवली जाताहेत, त्यात एकटा सलिव्हन जागा राहून झोपेचं सोंग करतो. नातालीने चित्रित केलेला हा सर्वांत ताणलेला प्रसंग असेल. सुरुवातीला पडदा जवळजवळ रंगहीन आहे. कथा पुढे सरकते तसे रंग येतात.

शेवटी उलगडतं की ज्या सेबॅस्टियन रूक्सला सगळे घाबरतात तो सलिव्हन स्वतःच आहे. त्यानेच स्वतःची स्मृती पुसून घेतली, डिजिकॉर्प आणि तिची प्रतिस्पर्धी, या दोन्ही कंपन्यांच्या तपासणीतून पार होण्यासाठी. म्हणजे इथे सापळ्याचा मालक आहे, जबाबदारीही घेतो, आणि सिनेमा तरीही भक्कम आहे.

टोकदार

भक्कम? शेवटची दहा मिनिटं वगळा, मग भक्कम. रूक्सचं उत्तर मिळालं की हेलिकॉप्टर, बोट, सुखान्त. आधीच्या दीड तासात जी घुसमट तयार केली ती विरून जाते. धागाकर्त्याच्या मूळ मताला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. ब्रायन किंगची पटकथा मात्र पुन्हा पाहताना अधिक आवडते. रीटा (लुसी लिऊ) सलिव्हनकडे पहिल्या भेटीत अशी का बघते, ते दुसऱ्यांदा पाहताना कळतं. ती त्याला ओळखते, तो तिला ओळखत नाही. लुसी लिऊने ते दुःख एकाही संवादाशिवाय दाखवलंय.

धुकं

'नथिंग' (२००३) कोणी पाहिलाय का? डेव्हिड ह्यूलेट आणि अँड्र्यू मिलर, दोन मित्र. संकट दाराशी येतं आणि त्यांना सगळं नकोसं होतं, तेव्हा जगच नाहीसं होतं. उरतं त्यांचं घर आणि पांढरी पोकळी. ज्याचा तिटकारा कराल ते गायब. मग एकमेकांवर उलटतात आणि एकमेकांची शरीरंही घालवून बसतात, शेवटी फक्त डोकी उरतात. हलकाफुलका आहे, फार लांबला आहे, पण 'क्यूब'च्या बरोबर उलट बाजूचा आहे. तिथे भिंतीच भिंती, इथे एकही नाही, आणि अडकणं तेच. 'मालक जबाबदारी घेत नाही' हे तर इथे अक्षरशः लागू होतं.

अष्टकोन

'इन द टॉल ग्रास' (२०१९) बद्दल. स्टीफन किंग आणि जो हिल या बापलेकांच्या दीर्घकथेवर आहे. उंच गवताच्या शेतातून मुलाची हाक येते, बहीण-भाऊ आत शिरतात आणि दिशा, अंतर, काळ सगळं निसटतं. पहिला अर्धा तास अप्रतिम. दोघं एकमेकांना हाका मारतात, खूण म्हणून एकाच वेळी उंच उडी मारून बघतात. एकदा जवळ दिसतात, लगेच पुन्हा उडी मारली तर कितीतरी लांब. कोणी हललेलं नसताना! मापनच बेभरवशाचं झालं की गणित काय करणार. 'क्यूब'मध्ये निदान दारावर संख्या होत्या.

मग मधोमध काळा खडक येतो, त्याला हात लावलेला बाप सगळ्यांच्या मागे लागतो, आणि तो नेहमीचा पाठलाग होऊन बसतो. मूळ मत इथे शंभर टक्के लागू.

काळी मांजर

मालक सापडल्यावर सिनेमा उतरतो असं सगळेच म्हणताहेत, म्हणून 'हाँटर' (२०१३) ची बाजू घेते. लिसा (अ‍ॅबिगेल ब्रेसलिन) १९८५ मधला तोच रविवार पुन्हा पुन्हा जगते आहे. घरच्यांना ते कळत नाही, तिला कळतं. आणि मग तिला कळतं की आपण सगळे मेलेले आहोत. खुनी कोण हे सिनेमा सांगतो, स्टीफन मॅकहॅटी तो साकारतो, आणि हो, तिथून भीती कमी होते.

पण भीती कमी होणं म्हणजे सिनेमा कमी होणं असं का मानायचं? लिसा स्वतः वाचू शकत नाही. ती मेलेलीच आहे. त्याच घरात पुढे राहायला येणाऱ्या दुसऱ्या मुलीला वाचवणं एवढंच तिच्या हातात आहे, आणि ती ते करते. नातालीच्या पात्रांमध्ये दुसऱ्यासाठी सापळ्याची जबाबदारी अंगावर घेणारी ती मला सर्वांत ठळक वाटते. वर्थने शेवटी काझानला बाहेर जाऊ दिलं आणि स्वतः आत राहिला, त्या क्षणाची ही पुढची पायरी आहे. वर्थ म्हणतो, बाहेर माझ्यासाठी काही नाही. लिसाला बाहेर कोणीतरी दिसतं.

पडद्यामागे

'हाँटर'कडे असं पाहिलं नव्हतं. पुन्हा पाहीन.

जाता जाता, न झालेल्या कामांची नोंद राहू द्या. विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीवरच्या सिनेमावर नाताली अनेक वर्षं होता. जे. जी. बॅलर्डची 'हाय-राइझ' त्याला करायची होती, ती शेवटी २०१५ मध्ये बेन व्हीटलीने केली. एक उंच इमारत, आतली माणसं हळूहळू रानटी होतात आणि कोणीच बाहेर पडत नाही. नातालीइतका त्या कादंबरीला लायक दिग्दर्शक मला दुसरा दिसत नाही. गिब्सनशी गाठ शेवटी 'द पेरिफेरल' (२०२२) या मालिकेत पडली.

त्याच वर्षी गिएर्मो देल तोरोच्या 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज' या मालिकेत नातालीने 'ग्रेव्हयार्ड रॅट्स' हा भाग केला. देल तोरो 'स्प्लाइस'च्या निर्मात्यांपैकी होता. कबरी उकरून मौल्यवान वस्तू चोरणारा माणूस उंदरांच्या बोगद्यांत शिरतो आणि अडकतो. मुख्य भूमिकेत पुन्हा डेव्हिड ह्यूलेट, जो 'एलिव्हेटेड'मध्ये लिफ्टमध्ये होता आणि 'क्यूब'मध्ये वर्थ होता. या वेळी खोली इतकी अरुंद आहे की त्याला उभंही राहता येत नाही.

निशाचर

'ग्रेव्हयार्ड रॅट्स' मालिकेच्या दुसऱ्या क्रमांकाचा भाग आहे, स्वतंत्रपणे पाहिला तरी चालतो. @काळी मांजर, 'हाँटर'मधली दुसरी मुलगी ऑलिव्हिया. तिच्या बाजूचे प्रसंग तुम्ही म्हणता त्या दृष्टीने पाहतो आणि वर्थ-लिसा तुलनेवर इथेच लिहितो. तोवर ज्यांनी 'सायफर'चा शेवट आवडीने पाहिला असेल त्यांनी @टोकदार यांना उत्तर द्यावं. मला त्यांचं म्हणणं पटलंय, पण दुसरी बाजू मांडणारं अजून कोणी आलेलं नाही.